जुनी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) दुरुस्त केलीय, आता सूर्य बघायचाय (पेटीतल्या हिरव्या काचेबद्दल शंका)

भंगारप्रेमी

नमस्कार मंडळी. मामांच्या माळ्यावर एक लांबट लाकडी पेटी कित्येक वर्षं पडून होती, ती शेवटी माझ्याकडे आली. आत ८० मिमी भिंगाची १२०० मिमी फोकल लेंथची रिफ्रॅक्टर, म्हणजे एफ/१५, ०.९६५ इंचवाले दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं, २५ आणि १२.५ मिमी, दोन्हीवर एच कोरलेलं), एक डायगोनल (उजेड काटकोनात वळवणारा तुकडा), एक फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण). अवस्था विचारूच नका. फोकसरचं ग्रीस वाळून डिंक झालेलं, चाक फिरायला तयार नाही, आणि पुढच्या भिंगात बुरशी अशी की उजेडात धरलं तर कोळ्याने आत संसार थाटलाय असं वाटावं.

तीन आठवडे रोज रात्री थोडं थोडं करत बसलो. फोकसर सुटा करून रॉकेलने धुतला, नवीन ग्रीस, दात्यांमधली घाण टूथपिकने काढली. भिंगाची रिंग सोडवली, दोन काचा वेगळ्या केल्या, मधले पातळ टिनचे तीन तुकडे जपून ठेवले, मग डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल, शेवटी थोडं अ‍ॅसिटोन, कापसाचा बोळा अजिबात न दाबता नुसता ओढत ओढत. बुरशी गेली, कोटिंगवर दोनतीन ठिकाणी पुसट नक्षी राहिली ती राहू दे. परवा चंद्र बघितला. मस्त! जरा मऊ वाटला, पण म्हाताऱ्या भिंगाकडून किती अपेक्षा करायच्या.

आता मुद्दा. पेटीत एका खाचेत नाण्याएवढी गडद हिरवी काच आहे, धातूच्या रिंगेत बसवलेली, कडेला 'सन' कोरलंय, आयपीसच्या खालच्या टोकाला आटे असतात तिथे बसते. ही लावून सूर्य बघता येईल ना? की अजून काही लागतं? रविवारी सकाळी बघायचा विचार आहे.

भिंगवाला

रविवार रद्द करा. ती काच आज, आत्ता पेटीतून बाहेर काढा.

कारण सांगतो. तुमचं भिंग ८० मिमी, म्हणजे साधारण ५० चौरस सेंमी. निरभ्र दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास ऊन पडतं, त्यातलं ५ वॅट तुमचं भिंग गोळा करतं. ऐकायला कमी वाटतं, पण हे ५ वॅट फोकसला ११ मिमीच्या चकतीत येतात (सूर्याची प्रतिमा फोकल लेंथच्या सुमारे १०९ वा भाग असते, १२०० भागिले १०९), म्हणजे उघड्या उन्हाच्या पन्नासेक पट. आणि ती हिरवी काच बरोब्बर त्या फोकसच्या तोंडाशी बसलेली. काच मधोमध तापते, कडा रिंगेत गार राहतात, आणि तडकते. तडकली की पुढे फक्त तुमचा डोळा. २५ मिमीच्या आयपीसमधून बाहेर येणारा झोत पावणेदोन मिमीचा असतो, भर उन्हात आकसलेल्या बाहुलीतसुद्धा तो अख्खा आत जातो, एक थेंब बाहेर सांडत नाही.

जुन्या दुर्बिणींसोबत या काचा सर्रास यायच्या. आल्या म्हणून सुरक्षित होत्या असं नाही.

मधलीसुट्टी

भिंगवाल्यांना +१००. माझा अनुभव सांगते, शाळेत असतानाचा. ६० मिमीची दुर्बीण होती, असलीच काच, पण माझी काळपट होती. दहा मिनिटं डाग बघत बसले, मग भावाला हाक मारायला मान वर केली, आणि 'टक्' आवाज आला. एवढासाच, बोटं मोडल्यासारखा. काच मधोमध उभी चिरली होती आणि आयपीसमधून उजेडाचा एक टिपका बाहेर पडून माझ्या वहीवर पडला होता. वहीतून धूर यायला लागला तेव्हा मला कळलं की काय झालंय. भाऊ धावत येत होता, तो आल्या आल्या डोळा लावणार होता. त्यानंतर कित्येक वर्षं मी सूर्याकडे दुर्बीण वळवलीच नाही, चंद्रावरच समाधान मानलं.

अर्धविराम

घाबरवताय राव. आमच्या वेळी सगळे असल्याच काचेने बघायचे, कुणाचे डोळे गेले ऐकलं नाही. काजळी धरलेल्या काचेने ग्रहण बघितलेली पिढी आहे आमची.

नेत्रपल्लवी

अर्धविराम, ऐकलं नाही कारण सांगायला कुणी येत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून बोलते. दृष्टिपटलाला दुखणं कळतच नाही, तिथे वेदनेच्या नसा नसतात. चटका बसला तर हात आपण मागे घेतो, इथे तसलं काहीच होत नाही, माणूस आरामात बघत राहतो. बहुतेक वेळा इजा नुसत्या उष्णतेची नसते, प्रखर उजेडाने, त्यातही निळ्या बाजूच्या, पेशींमध्ये रासायनिक बिघाड होतो आणि त्याचा परिणाम काही तासांनी जाणवतो. म्हणजे सकाळी सूर्य बघितला, दिवस नीट गेला, आणि नंतर वाचायला बसल्यावर ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच पुसलेला. आजूबाजूचं सगळं दिसतं, मधलं दिसत नाही. काहींचं काही महिन्यांत बरंच भरून येतं, काहींचा डाग कायमचा राहतो, आणि यावर खात्रीचा उपचार नाही.

हे सगळं दुर्बीण नसताना होतं. दुर्बिणीतून तर थेट भाजतंच, आणि त्याला क्षणभर पुरतो.

काजळीची काच, एक्सरेची फिल्म, सीडी, दोनतीन गॉगल एकावर एक, हे सगळं त्यातच आलं. दिसायला अंधार होतो पण न दिसणारं इन्फ्रारेड किती आत येतंय ते कळत नाही. उलट अंधार वाटला की बाहुली मोठी होते.

सावलीकाठी

मी तर म्हणतो डोळा लावूच नका. प्रोजेक्शन करा, म्हणजे सूर्याची प्रतिमा कागदावर पाडा! जुनी लांब रिफ्रॅक्टर आणि ह्युजेन्स आयपीस, अहो यापेक्षा चांगली जोडी नाही. तुमच्या आयपीसवरचा एच म्हणजे ह्युजेन्स, त्यात दोन सुट्या काचा असतात, चिकटवलेलं काही नसतं, त्यामुळे उष्णतेने डिंक वितळून खराब व्हायची भीती नाही. केल्नर, प्लॉसल असले भारी आयपीस यात अजिबात वापरू नका, आणि बॉडी प्लॅस्टिकची असेल तर तोही नको. डायगोनल काढून ठेवा, सरळ नळीतून.

पांढरा जाड कागद पुठ्ठ्यावर लावा आणि आयपीसच्या मागे ४० सेंमीवर धरा, २५ मिमीचा आयपीस असेल तर सूर्य साधारण १६ सेंमीचा दिसेल. ३० सेंमीवर धरला तर १२ सेंमी, लहान पण जास्त उजळ. नळीच्या पुढच्या टोकाला एक मोठा पुठ्ठा भोक पाडून अडकवा म्हणजे कागदावर सावली राहते, हे केलं नाही तर सगळं फिकट दिसतं आणि लोक म्हणतात प्रोजेक्शनमध्ये मजा नाही.

१६१२ मध्ये गॅलिलिओने सूर्यावरच्या डागांची जी चित्रं काढली ती अशीच, युक्ती त्याच्या शिष्याची, कास्टेलीची. आणि हो, सूर्य बघून गॅलिलिओ आंधळा झाला ही थाप आहे. त्याची दृष्टी गेली ती पंचवीस वर्षांनी, म्हातारपणी.

भिंगवाला

प्रोजेक्शन उत्तम, पण ते 'आपोआप सुरक्षित' आहे असं समजून लोक गाफील राहतात, माझी तक्रार तिथे आहे. दुर्बिणीवर फिल्टर नसतो, आयपीसमधून जळता झोत बाहेर येतोय, आणि आजूबाजूला माणसं. कागद बघायला वाकलेलं पोर पटकन आयपीसलाच डोळा लावतं, कारण दुर्बिणीला डोळा लावायचा असतो हेच त्याला माहीत. म्हणून दुर्बीण सोडून पाणी प्यायलासुद्धा जायचं नाही. जायचंच असेल तर नळी सूर्यावरून फिरवून झाकण लावून जा.

दुसरं, सूर्य मधोमध नसेल तर ती ११ मिमीची चकती आयपीसच्या कडेवर किंवा नळीच्या आतल्या रिंगांवर पडते. दोन मिनिटांत सूर्य स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, त्यामुळे ट्रॅकिंग (सूर्यामागे आपोआप फिरणारी बैठक) नसेल तर हे होणारच. धातू असेल तर चालतं, प्लॅस्टिक असेल तर वास येतो, मग कळतं.

आणि फाइंडर. फाइंडर काढून पेटीत ठेवा. झाकण लावतो म्हणू नका, काढा.

जुनीसायकल

फाइंडरला +१. मी झाकण विसरलो होतो, मान खाली घालून कागदावर फोकस करत होतो आणि शर्टाच्या खांद्यापाशी गरम लागलं, वाटलं ऊन आहे. ऊनच होतं म्हणा, ३० मिमी भिंगातून आलेलं. शर्टाला शेंगदाण्याएवढं भोक आणि फाइंडरमधली फुलीची तार जळून गायब. तेव्हापासून माझा फाइंडर बिनफुलीचा आहे, ताऱ्याला अंदाजे मधोमध आणतो.

भंगारप्रेमी

बापरे. बरं झालं विचारलं. हिरवी काच काढली बाजूला. पण फाइंडर नाही तर सूर्य सापडणार कसा? १२०० मिमी म्हणजे दिसणारा भाग फारच लहान.

सावलीकाठी

सावली बघा की! (आयडीला जागलो.) सूर्याकडे पाठ करून नळीची जमिनीवर किंवा कागदावर पडणारी सावली बघायची. तिरकी असेल तर लांबट दिसते, हळूहळू वळवत आणली की आखूड होत होत गोल होते. नळीच्या बाजूंची सावली पूर्ण नाहीशी होऊन नुसतं वर्तुळ उरलं की सूर्य नळीत आला. एकदा जमलं की दहा सेकंदांचं काम, फाइंडरपेक्षा पटकन होतं.

खडूफळा

प्रोजेक्शन चांगलं पण बारकावे जातात. मी पुढे लावायची सोलर फिल्म वापरते. बादर कंपनीची अ‍ॅस्ट्रोसोलर बऱ्याच जणांकडे असते, चांदीसारखी चुरचुरीत. फक्त घेताना घनता बघून घ्या. ५ घनता म्हणजे उजेड एक लाखावा हिस्सा होतो, ती बघायला. ३.८ वाली फक्त कॅमेऱ्यासाठी असते, तिच्यातून जवळजवळ १६ पट जास्त उजेड येतो, तिला डोळा लावायचा नाही.

मुख्य फरक एवढाच की ही फिल्म भिंगाच्या पुढे बसते. उन्हाला दारातच अडवलं, आत काही तापतच नाही, नळी गार, आयपीस गार. बाकी सगळी भानगड घरात घेतल्यावर बाहेर काढायची आहे.

ग्रहणाचे चष्मे लावून दुर्बिणीत बघणारेही भेटलेत मला. ते चष्मे नुसत्या डोळ्यासाठी असतात, दुर्बिणीच्या झोतासमोर क्षणात भोक पडतं. वेल्डिंगची १४ नंबरची काच तशीच, उघड्या डोळ्याला ठीक, आयपीसपाशी नाही.

टिपूरडोळा

आणि हर्शल वेज (सूर्य बघायची खास काच)? रिफ्रॅक्टर आहे तर वेजच घ्या की, फिल्मपेक्षा चित्र धारदार येतं, मी दोन्ही शेजारी ठेवून बघितलंय.

भिंगवाला

वेज छान, वाद नाही. कोन कापलेली काच, तिच्या पृष्ठभागावरून साधारण ५ टक्के उजेड परावर्तित होऊन आयपीसकडे जातो आणि बाकीचा मागून बाहेर. पण त्या ५ टक्क्यांवरही हजारात एक उजेड सोडणारा फिल्टर लावावाच लागतो, तो मुळात आत बसवलेला आहे की नाही हे बघूनच डोळा लावायचा. आणि मागून बाहेर पडतो तो ९५ टक्के झोत, जुन्या वेजमध्ये मागची बाजू उघडी असायची, हनुवटी भाजून घेतलेले लोक आहेत. नव्यांमध्ये तो झोत आतल्या आत जिरवतात. शिवाय ०.९६५ इंचाच्या फोकसरला वेज लावायला अडॅप्टर, मग फोकस पोचतो की नाही ते बघा... पहिल्यांदा बघणाऱ्याने या फंदात पडू नये असं माझं मत. टिपूरडोळा यांचं वेगळं असेल.

टिपूरडोळा

वेगळं आहेच :) पण पहिल्यांदा फिल्म, हे मान्य.

भंगारप्रेमी

ठरलं, फिल्म. ५ घनतेची आणली आणि काल झाकण तयार केलं. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या नळीभोवती गुंडाळून फेविकॉलने तीन थर, म्हणजे एक आखूड बांगडी झाली. पुठ्ठ्याच्याच दोन चकत्या भोक पाडून मधे फिल्म, दुहेरी चिकटपट्टीवर नुसती अलगद टेकवली, ओढली नाही. सुरकुत्या पडल्यात, चालतील का? बांगडीच्या आतून फेल्टची पट्टी लावली म्हणजे घट्ट बसते, वर परत तीन बाजूंनी चिकटपट्टी नळीला. वाऱ्याने उडायला नको. दिवा मागे धरून भोकं तपासली, एकही नाही.

खडूफळा

सुरकुत्या चालतात, ताणलेली फिल्म नाही चालत. ती ताणली की चित्र बिघडतं. भोकं दर वेळी लावायच्या आधी बघायची, एकदा बघितली म्हणजे झालं असं नाही. बाकी काम झकास दिसतंय (फोटो दिसत नाहीयेत पण वर्णनावरून!).

भंगारप्रेमी

बघितला!! सकाळी साडेआठला. आधी नळीला झाकण आणि फिल्टर, मग सावलीने सूर्य आणला, मग आयपीस लावला, याच क्रमाने. पांढराशुभ्र गोळा, मधे दोन ठिकाणी काळे डाग, कडेकडे किंचित काळपट. हात थरथरत होता खरं सांगतो.

पण एक गोष्ट खटकली. कड धारदार नाही. फोकस पुढे मागे करून बघितला, अमुक एका ठिकाणी 'हां आता' असं होतच नाही, जरा बरं, जरा वाईट, जरा बरं. डाग म्हणजे ओल्या कागदावर पडलेली शाई. २५ ला जरा सुसह्य, १२.५ ला तर निव्वळ दूध. फिल्म खराब आली का?

मधलीसुट्टी

हवा असेल. सूर्य बघताना रात्रीपेक्षा हवा जास्त उकळते. काँक्रीटच्या गच्चीवरून बघत असाल तर ती तापते आणि वर लाटा येतात. सूर्योदयानंतर दोनतीन तासांत, गवतावरून बघा.

भंगारप्रेमी

गवतावरूनच बघत होतो, हवा शांत होती. लाटा नाहीत, कड हलत नाही, नुसती मऊ आहे. मऊपणा स्थिर आहे असं म्हणा.

भिंगवाला

'मऊपणा स्थिर आहे' वाचून एकच विचारतो, चंद्रही जरा मऊ वाटला असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय तुम्ही. तेव्हा फिल्म नव्हती. भिंगाच्या दोन काचा परत बसवताना कोणती बाजू कुठे हे कसं ठरवलंत?

भंगारप्रेमी

काढताना मार्करने कडेला खुणा केल्या होत्या...

आणि नंतर अ‍ॅसिटोनने पुसलं.

अरे देवा.

भिंगवाला

:) असं मी तीनदा केलंय आयुष्यात. म्हणून पेन्सिल वापरायची, काचेच्या घासलेल्या कडेवर, दोन्ही काचांवर मिळून एक बाण, टोक आकाशाकडे. म्हणजे बाजू कळते आणि दोघींचा एकमेकींशी फिरलेला कोनही कळतो.

आता ऐका. पुढची काच क्राउन, दोन्हीकडे फुगीर. मागची फ्लिंट, एका बाजूने खोलगट, हातात जड लागते. फ्राउनहोफर पद्धतीचं भिंग असेल (बहुतेक असंच असतं) तर क्राउनची कमी फुगीर बाजू आकाशाकडे आणि जास्त फुगीर बाजू आत, फ्लिंटच्या खोलगट बाजूसमोर. क्राउन उलटी बसली की गोलीय विपथन येतं, म्हणजे भिंगाच्या कडेचे किरण एकीकडे आणि मधले दुसरीकडे फोकस होतात, म्हणून तुम्हाला 'हां आता' मिळत नाही.

उघडायच्या आधी खात्री करा. रात्री एक बऱ्यापैकी तेजस्वी तारा घ्या, फोकसच्या आत आणि बाहेर नेऊन बघा. दोन्हीकडे सारखी वर्तुळं दिसली तर भिंग ठीक. एकीकडे कोरीव वर्तुळं आणि दुसरीकडे धुरकट गोळा दिसला तर काच उलटी.

भंगारप्रेमी

एकीकडे वर्तुळं, दुसरीकडे धुकं. आता उघडतोय.

भंगारप्रेमी

उघडलं. कुठली बाजू कमी फुगीर हे नजरेने कळेना, मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं. कमी फुगीर बाजूत ट्यूब लांब मोठी दिसते, जास्त फुगीर बाजूत बारीक. उलटीच होती. फिरवली, टिनचे तिन्ही तुकडे कडेला सारख्या अंतरावर, पेन्सिलने बाण (!!), रिंग बसवली पण आवळली नाही, हलवलं तर अगदी किंचित खुळखुळतं इतपत. मघाशी तारा बघितला. दोन्हीकडे वर्तुळं!

जुनीसायकल

मला पण माझी एकदा उघडून बघायला हवी असं वाटायला लागलं :ड

भिंगवाला

नको. चालतंय ते उघडू नका.

भंगारप्रेमी

आज सकाळचा वृत्तांत, जरा लांब होईल, सहन करा. काळं कापड डोक्यावर घेऊन बसलो. कड सुरीने कापल्यासारखी. परवा जे शाईचे थेंब होते त्यातला मोठा डाग आज उघडला म्हणा ना, मधे काळाकुट्ट गाभा, त्याभोवती करड्या रंगाची झालर, आणि ती झालर सपाट करडी नाही, आतल्या बाजूला बारीक बारीक रेघा जातायत, डोळ्याच्या पापण्यांसारख्या. गाभ्याच्या मधून एक पांढरी फट. शेजारी तीळ पेरल्यासारखे छोटे डाग, मी सात मोजले, मग नऊ, मग परत आठ, हवा क्षणभर थांबली की नववा दिसतो. सूर्याच्या पृष्ठभागावर काहीतरी खरखरीत आहे असंही वाटलं, पण ते माझं मन पण असेल.

दोन शंका. एक, मधेच एक डाग दिसला तो धुळीचा असेल का? दोन, लाल ज्वाळा कुठे आहेत?

खडूफळा

मन नाही, खरखर खरी आहे. ते दाणे साधारण हजार किलोमीटरचे, आपल्याला जेमतेम एक-दीड आर्कसेकंदाचे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसतात, ८० मिमीची हद्द तिथेच येते, त्यामुळे एकेक दाणा सुटा दिसणार नाही पण पोत जाणवतो. डाग 'काळा' म्हणायचा पण तो साडेतीन-चार हजार अंशांचा असतो, भोवतालचा साडेपाच हजारांचा आहे म्हणून बिचारा काळा दिसतो.

धूळ ओळखायला आयपीस जागेवरच फिरवा. ठिपका आयपीसबरोबर फिरला तर धूळ, सूर्याबरोबर राहिला तर डाग.

ज्वाळा या फिल्मने दिसणार नाहीत. त्यांना ६५६.३ नॅनोमीटरच्या अगदी अरुंद पट्ट्यातलं बघावं लागतं, हायड्रोजन अल्फा, त्याची वेगळी यंत्रणा असते. तेजोमेघांचे फोटो काढायला जे एच-अल्फा फिल्टर मिळतात ते वेगळे, ते लावून सूर्य बघायचा नाही. नाव सारखं म्हणून फसलेले लोक आहेत.

अर्धविराम

वाचतोय हां. काजळीची काच टाकून दिली. एक विचारू, नुसते डाग बघून करायचं काय पुढे? चार दिवसांनी कंटाळा येणार.

सावलीकाठी

कंटाळा?! श्वाबे नावाचा एक जर्मन औषधविक्या १८२६ पासून निरभ्र दिवस दिसला की डाग मोजत बसला. शोधत होता बुधाच्या आतला एखादा ग्रह, तो सूर्यासमोरून जाताना ठिपका दिसेल म्हणून. ग्रह काही मिळाला नाही, कारण तो नाहीच, पण सतरा वर्षांच्या वह्यांमधून डाग दहाएक वर्षांनी वाढतात आणि कमी होतात हे निघालं. आज आपण ११ वर्षांचं चक्र म्हणतो ते. छोट्याच दुर्बिणी होत्या हो त्याच्याकडे.

आणि कॅरिंग्टन नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ १ सप्टेंबर १८५९ ला प्रोजेक्शन करूनच डागांचं चित्र काढत होता, तेवढ्यात एका मोठ्या समूहावर दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटले. त्याला आधी वाटलं पडद्याला भोक पडून ऊन येतंय! कुणाला तरी दाखवायला बोलवायला धावला, मिनिटभरात परत आला तर विझत आलेले. पाचेक मिनिटांचा खेळ. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर तारायंत्रं बिघडली, ध्रुवीय प्रकाश नेहमीपेक्षा कितीतरी खाली दिसला.

टिपूरडोळा

त्यात भर. डागांमध्ये चुंबकत्व आहे हे हेल या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत १९०८ मध्ये दाखवलं, आणि डागाच्या झालरीतून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे एव्हरशेडने आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०९ मध्ये. भंगारप्रेमी, तुम्ही ज्या पापण्या बघितल्या त्याच त्या.

आणि मोजायचंच असेल तर वोल्फचा आकडा काढा. समूह गुणिले १०, अधिक एकूण सुटे डाग.

भंगारप्रेमी

मग आज ३ समूह, १४ डाग, म्हणजे ४४. वहीत लिहिलं. १० सेंमीचं वर्तुळ छापून घेतलंय, त्यात चित्र काढतो. दिशा कशी ठरवायची? डायगोनलने सगळं उलटंसुलटं होतंय.

टिपूरडोळा

दुर्बीण हलवू नका, सूर्य सरकू द्या. जी कड आधी बाहेर जाते ती पश्चिम. एक डाग आडव्या रेषेवर सरकवत न्या, ती पूर्व-पश्चिम रेषा झाली. नळी जरा उत्तरेला ढकलली की आत येणारी कड उत्तर. चित्र काढताना रोज डायगोनल तोच ठेवा, एक दिवस लावला एक दिवस काढला की गोंधळ.

नेत्रपल्लवी

आणि मुलांना दाखवताना आयपीसपाशी एक माणूस, फिल्टरपाशी एक माणूस. उत्सुक हात पुढचं झाकण ओढतात. हे सांगायचं राहिलं होतं.

भंगारप्रेमी

नोंद घेतली. भाचीला काल दाखवला तेव्हा बायको नळीच्या पुढे पहारेकरी होती. भाची म्हणाली 'एवढाच?' आणि मग पंधरा मिनिटं उठली नाही.

सात दिवस झाले. झालरवाला मोठा डाग मधोमध होता तो आता पश्चिमेच्या कडेला टेकलाय, चपटा झालाय, वाटोळी गोष्ट बाजूने बघितल्यासारखा, आणि त्याच्या भोवती कडेच्या काळपट भागात पांढरट शिरा दिसतायत ज्या मधे असताना अजिबात दिसत नव्हत्या.

खडूफळा

त्या फॅक्युली, सूर्यावरचे जास्त उजळ पट्टे. कडेलाच दिसतात. डाग उद्या पलीकडे जाईल, टिकला तर दोन आठवड्यांनी पूर्वेकडून परत. पृथ्वीवरून बघताना एक फेरी साधारण २७ दिवसांची.

मधलीसुट्टी

वाचून वाचून मी पण फिल्म मागवली शेवटी. एवढ्या वर्षांनी. भंगारप्रेमी, त्या हिरव्या काचेचं काय केलंत? नुसती कचऱ्यात टाकू नका हां, कुणीतरी उचलेल आणि लावेल.

भंगारप्रेमी

फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडली. रिंग ठेवलीय, पितळेची आहे. पेटीतली ती खाच रिकामी दिसत होती म्हणून तिथे आता पेन्सिल ठेवलीय. मार्कर घरातून हद्दपार.

परत येणाऱ्या डागासाठी वहीत तारखेवर गोल केलाय, ढग नसले तर कळवतो.